सोळा वर्षांचा हिशेब

मंडळी, आमच्या घरात गेल्या वर्षी दोन पक्ष पडले होते. एक पेट्रोल पक्ष आणि दुसरा वीज पक्ष. आमची सौ. अपक्ष. मी मधल्या मध्ये, म्हणजे ज्याला सगळ्यांचे ऐकून घ्यावे लागते आणि ज्याचे कोणी ऐकत नाही अशा जागी! आता तो विषय निकालात निघाला आहे, म्हणून सावकाश लिहायला बसलो.

झाले असे, की आमची मारुती ८०० ऑक्टोबर २०१० ची. त्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झालो. फंडाचे पैसे हातात आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोरी गाडी दारात आली. त्या एप्रिलपासून पुण्यामुंबईत ८०० ची विक्री थांबली होती, आमच्या साताऱ्यात मात्र मिळत होती. "मोठ्या शहरातून हद्दपार झालेली गाडी कशाला घेता सर?" असे विचारणारे सहकारी पुष्कळ भेटले. पण गाडीने पंधरा वर्षे इमानाने साथ दिली. २०२५ च्या ऑक्टोबरात तिच्या नोंदणीची मुदत संपली. रिपासिंग करून आणखी पाच वर्षे चालवता आली असती. पण सातारा म्हणजे चढउतारांचे गाव, आणि माझा डावा गुडघा आता क्लचशी फटकून वागतो. राजवाड्याच्या गर्दीत दहा वेळा क्लच दाबला की रात्री तेल चोळावे लागते. तेव्हा नवी गाडी घ्यायची, बिनक्लचची घ्यायची, एवढे ठरले. आणि खरे सांगायचे तर मनात एक हौसही होती. ही आपली शेवटची गाडी. ती चांगली घ्यावी, आपल्या नावावर घ्यावी, नंबरप्लेटला हार घालून फोटो काढावा...

वीज पक्षाचे पुढारी आमचे चिरंजीव. ते पुण्याला अकराव्या मजल्यावर राहतात आणि रोज दोन-तीन व्हिडिओ पाठवतात. "आण्णा, पुढची पंचवीस वर्षं विजेचीच आहेत. आत्ता पेट्रोलची गाडी घेणं म्हणजे पैसे पाण्यात." मी विचारले, "मग तुझ्याकडे डिझेलची कशी रे?" तर म्हणाला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय व्हायची आहे, समितीत चर्चा चालू आहे. असो. सोसायटीच्या चर्चा किती वर्षे चालतात हे तुम्हांला मी सांगायला नको.

पेट्रोल पक्ष म्हणजे आमचे जावई. इथे साताऱ्यातच, दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांचे म्हणणे, "आण्णा, गाडी अशी हवी की रात्री दोन वाजता उठून कुठंही जाता आलं पाहिजे. पंप काय, दर पाच मैलांवर आहे." शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे त्या चांगल्याच स्वस्त झाल्या, हा त्यांचा हुकमाचा पत्ता. त्यावर चिरंजीवांचा पत्ता असा, की विजेच्या गाडीला जीएसटी पाचच टक्के, आणि पेट्रोलच्या गाडीवर आपल्या राज्यात जो एकरकमी वाहनकर भरावा लागतो, दहा लाखांच्या आतल्या गाडीला ११ टक्के, तो विजेच्या गाडीला माफ.

मी जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला. त्यामुळे मला आधी मौज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. विजेची गाडी ही कालपरवाची गोष्ट आहे असे दोन्ही पक्ष धरून चालले होते. वास्तविक ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेचीच होती. १८९९ साली फ्रान्समध्ये काम्यी जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने ती पळवली. खुद्द हेन्री फोर्डच्या बायकोची, क्लाराबाईंची, गाडीही विजेवर चालणारी होती, कारण पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवायचे, आणि ते उलटे फिरले तर मनगट मोडायचे. १९१२ साली चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडल गेले. म्हणजे गंमत पाहा, विजेच्या गाडीला घरी बसवण्यात विजेच्याच एका छोट्या मोटरीचा हात होता! हे मी जेवताना सांगितले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. वर्गातही असेच व्हायचे.

मग आम्ही दोघे शोरूममध्ये गेलो. विजेची गाडी चालवून पाहिली. यवतेश्वरचा घाट चढलो आणि उतरलो. खरेच सांगतो, मी हरखलो. आवाज नाही, गिअर नाही, क्लच नाही. पायाखालचा पेडल जरा सैल सोडला की गाडी आपोआप आवरते, कारण तेव्हा मोटरच जनित्राचे काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. चढताना टक्के भराभर घसरले, उतरताना एखाददुसरा परत आला. मुलाने सांगितले तो कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला यांत फरक असतो, पण माझ्या कामाला तो पुरून उरला असता. सौ.ने एकच शेरा मारला, "ही गाडी आली तर गल्लीतल्या कुत्र्यांना कळायचंच नाही, तुम्ही आलात ते."

त्या रात्री मी जुन्या कॅलेंडरचे पान उलटे करून हिशेबाला बसलो. आम्ही पाहिलेल्या दोन गाड्यांत, एक बिनक्लचची पेट्रोल आणि एक विजेची, सगळे कर आणि विमा धरून साधारण तीन लाखांचा फरक येत होता. पेट्रोल १०५ रुपये धरले, गावातले ॲव्हरेज १६ धरले. म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. घरगुती विजेचा दर टप्प्याने वाढतो, गाडी लावली की वरचा टप्पा लागणारच, म्हणून सगळे आकार मिळून युनिटला १२ रुपये धरले. चार्जिंगमध्ये वाया जाते तेवढी जमेस धरून एका युनिटला ७ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपये. फरक पावणेपाच रुपयांचा. चिरंजीव म्हणत होते ते खोटे नव्हते!

आता माझे वर्षाचे चालणे किती? ८०० च्या हातमोज्यांच्या कप्प्यात माझी वही असते. तीत दर वेळी पेट्रोल भरल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले आहेत. गेल्या तीन वर्षांची सरासरी काढली, तर ४,००० सुद्धा नीट भरेना. भाजी, बँक, दवाखाना, कोरेगावला धाकट्या भावाकडे, वर्षातून दोनदा पुणे. ४,००० गुणिले पावणेपाच म्हणजे १९,००० रुपये. तीन लाख भागिले एकोणीस हजार.

सोळा वर्षे.

मी पुन्हा भागाकार केला. तेच उत्तर. सौ. चष्मा वर करून पान बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही एकोणनव्वद वर्षांचे व्हाल तेव्हा पैसे वसूल. आणि तोवर शेजारच्या सीटवर मी बसायचं का?"

आम्ही दोघेही हसलो. पण मंडळी, ते हसणे फार वेळ टिकले नाही. बेरीज मी केलीच नव्हती. किंमत घेतली, दर घेतला, किलोमीटर घेतले, फक्त स्वतःचे वय हिशेबात घ्यायचे विसरलो होतो. पोरांना मी नेहमी सांगायचो, की प्रश्नात दिलेली माहिती आधी सगळी लिहून काढा. आणि इथे मास्तरांनीच माहिती गाळली!

मग तिने विषय काढलाच. "मार्चमध्ये कोरेगावहून येताना काय झालं ते आठवतं ना?"

आठवत होते. तिने आजवर तो विषय काढला नव्हता, म्हणून मला वाटायचे तिच्या लक्षात नसेल. दिवेलागणीची वेळ होती. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि रस्त्याच्या कडेने जाणारा सायकलवाला मला दिसलाच नाही. दिसला तेव्हा बॉनेटपासून हातभर अंतरावर. ब्रेक लागला, तो माणूस पायउतार झाला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता निघून गेला. मीही काही बोललो नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो. दुसऱ्या दिवशी मी डोळे तपासून आलो, नंबर बदलला, आणि जणू प्रश्न मिटला असे समजून चाललो. माझा परवाना २०२८ पर्यंत आहे. पंचावन्नच्या पुढे तो पाच-पाच वर्षांसाठीच वाढवून मिळतो, डॉक्टरांचा दाखला जोडून. २०२३ साली तो मिळाला तेव्हा मी पेढे आणले होते. पण परवाना आहे म्हणजे डोळे आहेत असे नाही, हे त्या सायकलवाल्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे असे मला वाटत होते. तिसरी साक्षीदार शेजारीच बसली होती.

"म्हणजे गाडी घ्यायचीच नाही का?" मी जरा चिडूनच विचारले.

"तसं कुठं म्हणाले मी? दिवसाउजेडी गावात चालवा की. पण त्याला नवी कोरी दहा लाखांची कशाला?" आणि मग सहज विचारावे तसे, "आपल्या पोरीचं वर्षाचं किती होतं हो चालणं?"

आमची कन्या वाईला एका शाळेत शिकवते. साताऱ्याहून वाई पस्तीसेक किलोमीटर. रोज जाऊन येऊन सत्तर. शाळेचे दिवस आणि वरचे फिरणे धरले तर वर्षाला १६,००० कुठेच गेले नाहीत. तिची गाडी २०१९ ची, पेट्रोलचीच, आणि बिनक्लचची. मी पानावर खाली दुसरे गणित मांडले. १६,००० गुणिले पावणेपाच, ७६,०००. तीन लाख भागिले शहात्तर हजार.

चार वर्षे!

तीच गाडी, तेच दर. माझ्या दारात सोळा वर्षे आणि दोन गल्ल्या पलीकडे चार वर्षे. "वीज बरी की पेट्रोल बरे" यावर आमच्या घरी महिनाभर खल चालला होता, आणि खरा प्रश्न होता गाडी कोण चालवणार आणि किती चालवणार. विजेच्या गाडीची किंमत आधी मोजायची असते आणि बचत मागाहून, चाकाच्या फेऱ्यांनी मिळते. चाकच फिरले नाही तर बचत कसली? शिवाय बॅटरीची हमी सर्वसाधारणपणे आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची असते, यांतले जे आधी संपेल ते. माझ्याकडे आठ वर्षांत ३२,००० किलोमीटर झाले असते. आणि बॅटरी नुसती उभी राहिली तरी वयाने थकतेच. तेही आमच्यासारखेच म्हणायचे.

हे झाले पैशांचे. धुराचे गणितही मला त्याच वळणाने जाताना दिसले. बॅटरी बनवताना, खाणीपासून कारखान्यापर्यंत, जो धूर निघायचा तो गाडी दारात येण्याआधीच निघून गेलेला असतो. तो फिटतो तो गाडी चालून. आपल्याकडची बहुतांश वीज आजही कोळशावर होते, चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ. तरीही पुष्कळ चालणाऱ्या गाडीचे पूर्ण आयुष्य धरले, तर विजेची गाडी पेट्रोलपेक्षा धूर कमी करते. आपले ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून येते, त्याचीही बचत. पण वर्षाला चार हजार चालणाऱ्या म्हाताऱ्याने ती दारात शोभेला उभी केली, तर तो धूर फिटायलाही तितकीच वर्षे लागायची.

"वीज म्हणजे स्वच्छ" असे चिरंजीव म्हणतात तेव्हा मला आणखी एक गोष्ट आठवते. माझे आजोळ जावळी तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात होते. होते असेच म्हणायचे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठू लागले आणि ते गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. मामांना जमीन मिळाली ती तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात. भातखाचरे सोडून गेलेला माणूस तिथे कधी रमला नाही. पुढे मी चाळीस मुलांच्या वर्गात फळ्यावर कोयनेचा नकाशा काढायचो, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे पोफळीला कसे जाते, तिथे वीज कशी होते, सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. मुले लिहून घ्यायची. आई तेव्हा आमच्याकडेच असायची. घरात विनाकारण दिवा जळताना दिसला की ती उठून बंद करायची आणि म्हणायची, "फुकट नाही आलेली रे ती."

धरण बांधायला नको होते असे मी म्हणत नाही. त्या विजेने महाराष्ट्र उभा राहिला, त्याच उजेडात मी अभ्यास केला. पण कोळसा असो, पाणी असो, पेट्रोल असो, कुणाच्या तरी दारातून ते येते. म्हणून ते जिथे जास्त उपयोगी पडेल तिथे जावे. आईचे म्हणणे मला आता या वयात कळते आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता अवघड भाग कन्येला सांगण्याचा. मी म्हणालो, विजेची गाडी तू घे, पैसे मी देतो, तुझी जुनी मला दे. ती एकदम म्हणाली, "आण्णा, तुमच्या फंडाच्या पैशांची गाडी मी घ्यायची? सासरी काय सांगू?" बरोबर होते तिचे. मीच घाईने बोललो होतो. शेवटी तोडगा जावयांनी काढला, आणि तोही पेट्रोल पक्षाचा राजीनामा देऊन! तिच्या जुन्या गाडीला विक्रेता जी किंमत देत होता तेवढी मी तिला रोख द्यायची, ती गाडी रीतसर माझ्या नावावर करायची. उरलेल्या रकमेचे कर्ज तिने काढायचे, आणि पेट्रोलचे जे पैसे वाचतील ते हप्त्याला लावायचे. त्यांच्या ओट्यालगत गाडी लावायला जागा आहे, भिंतीत पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घेतले. रोजच्या सत्तर किलोमीटरला दहा युनिटे, म्हणजे रात्री तीन-चार तासांचे काम. रात्री दोनची अडचण आली तर माझी पेट्रोलची गाडी दोन गल्ल्यांवर उभी आहेच. जावयांचा मुद्दाही राहिला!

आरटीओत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरले, सह्या केल्या. सही करताना हात किंचित थांबला, ते नाकारत नाही. आपल्या नावावर नवी गाडी घ्यायची हौस त्या सहीबरोबर संपली. ८०० भंगारात दिली. न्यायला आलेल्या माणसाने कप्प्यातली माझी वही काढून हातात दिली, "आजोबा, हे राहिलं तुमचं." ती आता माझ्या टेबलावर आहे.

कन्येच्या गाडीची पूजा झाली. चाकाखाली लिंबे ठेवली, नारळ मला फोडायला लावला. हार घालून फोटो निघाला, त्यात मी गाडीच्या शेजारी उभा आहे, आत नाही. मग ती आम्हां दोघांना यवतेश्वरच्या घाटाने वर घेऊन गेली. ती चालवत होती, मी शेजारी. वर पोचल्यावर मी खिडकीची काच खाली केली. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे वारा ऐकू येत होता. त्याच रस्त्याने पुढे गेले की कास, आणि कासच्या पुढे बामणोली, कोयनेचे पाणी. "एकदा सुट्टीच्या दिवशी बामणोलीला नेशील का?" मी विचारले. ती म्हणाली, "नेईन की आण्णा. येताना उतार कमी, चढ जास्त आहे, पूर्ण चार्ज करून निघू."

घरी आल्यावर नव्या वहीत पहिली नोंद केली. जुन्या गाडीचीच, पण माझ्यासाठी नवी. दिवे लागायच्या आत परत यायचे, हे त्या वहीच्या पहिल्या पानावर सौ.ने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे.

तुमच्या घरीही हे पक्ष पडले असतील, तर माझे एवढेच सांगणे. शोरूमला जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे वर्षाचे किलोमीटर लिहून काढा. आणि आमच्यासारख्यांनी त्याच पानावर आपले वयही लिहावे. लिहायला जरा जड जाते, पण गणित सुटते.